राळेगणचे आरोप आणि सावंत आयोगाचा ठपका

सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांच्या एकसदस्यीय आयोगाने २३ फेब्रुवारी २००५ रोजी महाराष्ट्र सरकारला आपला अहवाल सादर केला. सुरेश जैन, नवाब मलिक, पद्मसिंह पाटील आणि विजयकुमार गावित या चार नेत्यांवर मंत्रिपदाच्या काळातील भ्रष्टाचाराचे आरोप होते. आयोगाने त्यांतील पहिल्या तिघांवर ठपका ठेवला आणि गावितांना दोषमुक्त केले. त्याच अहवालात, हे आरोप करणाऱ्या अण्णा हजारे यांच्या संस्थांच्या कारभारावरही ताशेरे होते. राजकीय नेत्यावरचा भ्रष्टाचाराचा ठपका रास्त आहे की त्यामागे पक्षीय हेतू आहे, हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. तो नीट तपासायचा तर आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीतून निघालेल्या या प्रकरणाइतके उपयोगी उदाहरण सापडणे अवघड आहे.

सैन्यातून परतलेल्या हजारे यांनी १९७५ नंतर राळेगणमध्ये पाणलोटाची कामे, दारूबंदी, चराईबंदी आणि श्रमदान यांतून गाव उभे केले. १९९० मध्ये पद्मश्री आणि १९९२ मध्ये पद्मभूषण मिळेपर्यंत त्यांची ओळख आदर्श गावाचे शिल्पकार अशी होती. १९९१ मध्ये भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन सुरू झाले आणि ओळख बदलली. पहिला संघर्ष वनखात्यातील अधिकाऱ्यांशी झाला. पुढे आरोपांचा रोख मंत्र्यांकडे वळला आणि तिथून प्रत्येक आरोपाला पक्षाचा रंग आहे का, हे विचारले जाऊ लागले.

मंत्र्यांविरुद्धची पहिली मोठी मोहीम शिवसेना-भाजप युतीच्या सरकारविरुद्ध होती. १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये हजारे आळंदीला उपोषणाला बसले. शशिकांत सुतार, महादेव शिवणकर आणि बबनराव घोलप या तीन मंत्र्यांवर त्यांचे आरोप होते. डिसेंबरच्या सुरुवातीला सुतार आणि शिवणकर मंत्रिमंडळाबाहेर गेले. समाजकल्याण मंत्री घोलप मात्र राहिले आणि त्यांनी हजारेंवर अब्रुनुकसानीचा खटला भरला. ९ सप्टेंबर १९९८ रोजी मुंबईच्या महानगर दंडाधिकारी न्यायालयाने हजारेंना तीन महिन्यांच्या साध्या कैदेची शिक्षा सुनावली आणि त्यांची रवानगी येरवडा कारागृहात झाली. राज्यभर निषेध उसळला, तेव्हा सरकारने त्यांची सुटका केली. २७ एप्रिल १९९९ रोजी घोलपांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

या खटल्याचा अर्थ तेव्हाही दोन टोकांनी लावला गेला. घोलपांच्या समर्थकांनी तो मंत्र्याच्या निर्दोषत्वाचा दाखला मानला, तर हजारेंच्या समर्थकांनी सत्तेचा सूड. अब्रुनुकसानीच्या फौजदारी खटल्यात न्यायालयापुढचा प्रश्न बराच अरुंद असतो. आरोपीने अमुक विधान केले का, त्याने दुसऱ्याच्या नावाला बट्टा लागला का, आणि ते विधान खरे व लोकहिताचे होते हे आरोपीला दाखवता आले का, एवढेच तिथे पाहिले जाते. पुराव्याचे ओझे बोलणाऱ्यावर असते. खातेनिहाय कागद, बँकेच्या नोंदी, टिपण्या यांतले काहीच सामान्य नागरिकाच्या हाती नसते. महाराष्ट्राचा माहितीचा अधिकार कायदा २००२ चा आणि केंद्राचा २००५ चा, दोन्ही नंतरचे. त्यामुळे हजारेंना झालेली शिक्षा ही घोलपांच्या कारभाराची तपासणी नव्हती. ती तपासणी पुढे वेगळ्या वाटेने झाली. मार्च २०१४ मध्ये बेहिशेबी मालमत्तेच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने घोलपांना तीन वर्षांची शिक्षा सुनावली. त्या वेळी ते शिवसेनेचे शिर्डी लोकसभा मतदारसंघाचे जाहीर झालेले उमेदवार होते. शिक्षेमुळे उमेदवारी गेली, ती सदाशिव लोखंडे यांना मिळाली आणि लोखंडे निवडूनही आले. घोलपांनी शिक्षेविरुद्ध वरच्या न्यायालयात दाद मागितली. ज्या जिल्ह्यातून पहिला आरोप झाला, त्याच जिल्ह्यातल्या मतदारसंघात त्या नेत्याची उमेदवारी अडली, पण मध्ये पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला. २०१४ च्या शिक्षेने १९९८ चा निकाल आपोआप चुकीचा ठरत नाही, कारण दोन्ही खटल्यांतले मुद्दे निराळे होते.

१९९९ मध्ये राज्यात काँग्रेस आणि राष्ट्रवादी काँग्रेस यांच्या आघाडीचे सरकार आले. हजारे युतीचे विरोधक आणि म्हणून आघाडीचे मित्र, असा ज्यांचा हिशेब होता तो लवकरच चुकला. २००३ मध्ये त्यांनी जैन, मलिक, पाटील आणि गावित यांच्यावर आरोप केले आणि ९ ऑगस्टपासून मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण सुरू केले. जैन यांनी उलट हजारेंच्या संस्थांच्या हिशेबांवर बोट ठेवले. १७ ऑगस्टला मुख्यमंत्री सुशीलकुमार शिंदे यांनी चौकशी आयोग मान्य केला आणि उपोषण सुटले. चारही मंत्री राष्ट्रवादीचे होते आणि आयोग नेमणारे मुख्यमंत्री काँग्रेसचे. मित्रपक्षाला वेसण घालण्यासाठी काँग्रेसने ही संधी साधली, अशी शंका घ्यायला जागा होती. ती शंका फेटाळण्यासारखी नाही. पण आयोगाच्या कार्यकक्षेत मंत्र्यांबरोबरच हजारेंच्या संस्थांचाही समावेश झाला. यामागचा राजकीय हिशेब काहीही असो, त्यामुळे आरोप करणाऱ्यालाही त्याच पीठापुढे हिशेब द्यावा लागला आणि चौकशीचे वजन वाढले.

चौकशी आयोगाचा ठपका आणि न्यायालयाने ठरवलेला दोष यांत जमीनअस्मानाचा फरक आहे, आणि या वादातली निम्मी गल्लत इथेच होते. आयोग १९५२ च्या चौकशी आयोग कायद्याखाली नेमला जातो. तो साक्षीदारांना बोलावू शकतो, कागद मागवू शकतो, शपथेवर जबाब घेऊ शकतो. शिक्षा मात्र तो देऊ शकत नाही. त्याचे निष्कर्ष सरकारवर बंधनकारक नसतात, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५८ मध्ये रामकृष्ण दालमिया प्रकरणात स्पष्ट केले आहे. आयोगापुढे दिलेली साक्ष साक्षीदाराविरुद्ध पुढच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही. अपवाद फक्त खोटी साक्ष दिल्याच्या खटल्याचा. ज्याच्या नावाला धक्का बसण्याची शक्यता आहे, त्याला कलम ८ब खाली नोटीस देऊन बाजू मांडण्याची आणि पुरावा देण्याची संधी द्यावीच लागते. उलटतपासणीचा अधिकार पुढच्या कलमात आहे. ही संधी नाकारली तर न्यायालये आयोगाचे ताशेरे पुसून टाकतात. अहवाल आल्यापासून सहा महिन्यांच्या आत सरकारने तो कार्यवाहीच्या निवेदनासह विधिमंडळापुढे ठेवायचा असतो. म्हणजे शेवटचा शब्द पुन्हा सरकारचाच. आयोग सांगतो, ते ऐकायचे की नाही हे मंत्रिमंडळ ठरवते, आणि बहुधा ज्यांच्याविषयी ते सांगितलेले असते, त्यांच्याच सहकाऱ्यांच्या हातात तो निर्णय असतो.

सावंत आयोगाच्या अहवालानंतर जैन आणि मलिक यांनी मार्च २००५ मध्ये राजीनामे दिले. आयोगाच्या निष्कर्षांची राजकीय किंमत एवढीच वसूल झाली. आघाडीच्याच सरकारने नेमलेल्या आयोगाने आघाडीच्याच नेत्यांना दोष दिला, म्हणून ‘विरोधकांचा सूड’ हा नेहमीचा बचाव इथे लागू पडत नव्हता. चौघांपैकी एकाला दोषमुक्त केल्यामुळे सरसकट निकाल लावल्याचा आक्षेपही टिकत नव्हता.

हजारेंच्या संस्थांविषयीचा भाग आजही पुरता वाचला जात नाही. हिंद स्वराज ट्रस्टच्या पैशांतून हजारेंच्या वाढदिवसाच्या समारंभावर दोन लाख वीस हजार रुपये खर्च झाले होते. हा खर्च बेकायदा असून भ्रष्ट आचारात मोडतो, असे आयोगाने म्हटले. एका उद्योगपतीने पुढे त्यासाठी दोन लाख अठ्ठेचाळीस हजार रुपयांची देणगी ट्रस्टला दिली, तरी आयोगाचे मत बदलले नाही. ट्रस्टची अकरा एकर जमीन धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीशिवाय जिल्हा परिषदेसाठी राखून ठेवणे हा आयोगाने गैरकारभार ठरवला. भ्रष्टाचारविरोधी जनआंदोलन न्यासाचे १० नोव्हेंबर २००१ नंतरचे हिशेब नियमांप्रमाणे नव्हते. संत यादवबाबा शिक्षण प्रसारक मंडळाने देवळाच्या जीर्णोद्धारावर शेहेचाळीस हजार तीनशे चौऱ्याहत्तर रुपये खर्च केले, आणि धर्मनिरपेक्ष शिक्षण देण्याच्या संस्थेच्या उद्देशाला ते छेद देणारे होते, असेही आयोगाने नोंदवले.

या रकमा लहान आहेत. मंत्र्यांविषयीच्या आरोपांशी त्यांची तुलना होऊ शकत नाही, आणि खासगी लाभासाठी पैसा वळवणे व संस्थेच्या पैशाचा चुकीच्या कामासाठी वापर करणे यांत फरक करायलाच हवा. तरी सार्वजनिक विश्वस्त संस्थेचा पैसा कुणाच्या वाढदिवसावर जाऊ नये, हे तत्त्व रकमेवर अवलंबून नाही. आयोगाने ते तत्त्व राळेगणच्या दारातही लावले, हे योग्यच झाले. हजारेंवर श्रद्धा असणाऱ्यांनी अहवालाचा पहिला भाग डोक्यावर घ्यायचा आणि दुसरा विसरायचा, हे पटण्यासारखे नाही.

दुसऱ्या बाजूने तेच झाले. ऑगस्ट २०११ मध्ये दिल्लीत जनलोकपालासाठी हजारेंचे आंदोलन उभे राहत असताना काँग्रेसचे प्रवक्ते मनीष तिवारी यांनी हाच अहवाल पुढे करून, हजारे आपादमस्तक भ्रष्टाचारात बुडाले आहेत, असा आरोप केला. अहवालात वाढदिवसाचा खर्च होता, हिशेबांच्या त्रुटी होत्या. आपादमस्तक भ्रष्टाचार कुठेच नव्हता. पुढे काही दिवसांतच तिवारी यांनी आपल्या शब्दांबद्दल खेद व्यक्त केला. ज्या पक्षाच्या मुख्यमंत्र्याने आयोग नेमला, त्याच पक्षाने सहा वर्षे धूळ खात पडलेला अहवाल आपल्याला हवा तेव्हा आणि हवा तेवढाच बाहेर काढला. ठपका पक्षीय कसा बनतो याचा हा स्वच्छ नमुना आहे. कागद तोच असतो. तो कधी काढायचा आणि त्यातले कोणते पान वाचायचे, इथे राजकारण शिरते.

आरोप करणाऱ्याचा हेतू राजकीय असला तर आरोप रद्द होतो का, याचे उत्तर न्यायालयांनी देऊन ठेवले आहे. हरियाणात १९८७ मध्ये देवीलाल सत्तेवर आले आणि माजी मुख्यमंत्री भजनलाल यांच्याविरुद्ध बेहिशेबी मालमत्तेची तक्रार झाली. राजकीय वैर उघड होते आणि उच्च न्यायालयाने गुन्ह्याची नोंदच रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९० च्या निकालात उच्च न्यायालयाचा तो आदेश उलटवला. तक्रारदार विरोधक आहे एवढ्यावरून तक्रार फेकून देता येत नाही, तक्रारीत गुन्हा दिसतो का हे पाहायचे, असा त्याचा आशय होता. मात्र ज्या अधिकाऱ्याने तपास केला त्याला तसा अधिकार रीतसर मिळालेला नव्हता, म्हणून तो तपास न्यायालयाने बाजूला ठेवला. त्याच निकालात गुन्हा रद्द करता येईल अशा परिस्थितींचे सात प्रकार सांगितले आहेत. शेवटचा प्रकार केवळ वैयक्तिक आकसातून सूड उगवण्यासाठी केलेल्या कारवाईचा आहे. देशभरातले राजकीय आरोपी आजही त्या सातव्या प्रकाराचा आधार घेतात, आणि तो बहुतेकांना मिळत नाही.

हे तत्त्व योग्य आहे. सत्ताधाऱ्याविरुद्ध तक्रार करण्याची धमक आणि साधने बहुधा त्याच्या विरोधकाकडेच असतात. निःपक्ष तक्रारदाराची वाट पाहायची ठरवली तर तेव्हाचे मुख्यमंत्री बॅ. ए. आर. अंतुले यांचे सिमेंट प्रकरणही कधी उभे राहिले नसते. १९८१ मध्ये सिमेंटचा कोटा आणि इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठानला मिळालेल्या देणग्या यांचा संबंध उघड झाला. विरोधी पक्षांतल्या मंडळींनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली आणि जानेवारी १९८२ मध्ये न्यायमूर्ती लेंटिन यांच्या निकालानंतर मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. फौजदारी खटला चालवला तो भाजपचे रामदास नायक यांनी. खासगी नागरिकही असा खटला दाखल करू शकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये याच प्रकरणात मान्य केले. खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे वर्ग झाला, आणि १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते वर्ग करणेच चुकीचे ठरवले. खटला कुठे चालवायचा, यातच इतकी वर्षे गेली. त्यात अंतुलेंना शिक्षा झाली नाही आणि पुढे ते केंद्रात मंत्रीही झाले.

हेतूचा प्रश्न खरा तिथे विचारायला हवा, जिथे सरकारी यंत्रणेला निवड करण्याची मुभा आहे. तपास कुणाचा सुरू होतो, कुणाचा थांबतो, आरोपपत्र निवडणुकीच्या किती आधी येते, खटल्याला परवानगी कोण आणि केव्हा देते, या जागा त्या आहेत. परवानगीची अट प्रामाणिक अधिकाऱ्याला त्रासदायक खटल्यांपासून वाचवण्यासाठी आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर तर पदाचे काम म्हणून घेतलेल्या निर्णयाची चौकशी सुरू करण्यापूर्वीही सक्षम अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. दरवाजा जितक्या लवकर बंद करता येतो, तितकी तो उघडणाऱ्याची मर्जी महत्त्वाची ठरते.

आदर्श गृहनिर्माण सोसायटीच्या गैरव्यवहार प्रकरणात हे डोळ्यांदेखत घडले. नोव्हेंबर २०१० मध्ये अशोक चव्हाण यांनी मुख्यमंत्रिपद सोडले. सीबीआयने त्यांच्यावर गुन्हा नोंदवला. डिसेंबर २०१३ मध्ये राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी खटल्याला परवानगी नाकारली. तेव्हा केंद्रात आणि राज्यात काँग्रेस सत्तेत होती. त्याच महिन्यात न्यायमूर्ती जे. ए. पाटील आयोगाचा अहवाल राज्य सरकारने विधिमंडळात मांडला आणि फेटाळला, आणि टीका झाल्यावर काही आठवड्यांत अंशतः स्वीकारला. दोन्हीकडे सत्ता बदलल्यानंतर फेब्रुवारी २०१६ मध्ये नवे राज्यपाल सी. विद्यासागर राव यांनी परवानगी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली, कारण पूर्वीचा नकार बदलावा असा न्यायालयात टिकणारा नवा पुरावा समोर आलेला नव्हता. फेब्रुवारी २०२४ मध्ये चव्हाण भाजपमध्ये गेले. या प्रवासात चव्हाण दोषी होते की नव्हते, हे पुराव्यांच्या कसोटीवर कधी ठरलेच नाही. दोन राज्यपालांची दोन उत्तरे मात्र सत्तेच्या बदलाबरोबर बदलली.

जळगावच्या घरकुल योजनेतील गैरव्यवहाराचे प्रकरण याच्या उलट बाजूचे आहे. २००६ मध्ये तत्कालीन महापालिका आयुक्तांनी तक्रार दिली. मार्च २०१२ मध्ये सुरेश जैन यांना अटक झाली. तेव्हा ते शिवसेनेचे आमदार होते आणि राज्यात आघाडीचे सरकार होते. फक्त एवढेच पाहिले तर सूडाचा संशय येतो. पण त्याच प्रकरणात त्याच सरकारमधले राष्ट्रवादीचे राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांनाही अटक झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने दोघांसह अठ्ठेचाळीस जणांना दोषी ठरवले. जैन यांना सात वर्षे कैद आणि शंभर कोटी रुपये दंड, देवकरांना पाच वर्षे कैद झाली. शिक्षेविरुद्ध अपील झाले. वेगवेगळ्या पक्षांचे लोक एकाच आरोपपत्रात असणे, तक्रार पक्षाबाहेरच्या अधिकाऱ्याची असणे आणि निकाल पुराव्यानंतर लागणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पक्षीय असल्याचा आक्षेप बराच कमजोर होतो. राळेगणहून जैनांवर आरोप झाले ते २००३ मध्ये, आणि न्यायालयाचा निकाल लागला त्यानंतर सोळा वर्षांनी. या काळात जैन निवडणुका लढले, जिंकले आणि पक्षही बदलला.

लोकांना पक्षपात जाणवतो तो बहुतेकदा या विलंबातून. आरोपपत्र दाखल होणे म्हणजे तपास यंत्रणेचे म्हणणे न्यायालयापुढे जाणे. आरोप निश्चित होणे म्हणजे खटला चालवण्याइतका प्रथमदर्शनी पुरावा आहे, असे न्यायाधीशाला वाटणे. दोष सिद्ध होणे ही यांच्या कितीतरी पुढची पायरी. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली दोष सिद्ध झाला की लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार नुसता दंड झाला तरी अपात्रता येते, आणि २०१३ च्या लिली थॉमस निकालानंतर विद्यमान आमदार-खासदारांना अपिलाच्या नावाखाली पद टिकवता येत नाही. कायद्याचा शेवटचा टप्पा असा कडक आहे, पण तिथपर्यंत पोहोचायला दशके लागतात. मधल्या काळात पहिल्या दोन पायऱ्यांनाच निकाल समजून प्रचार होतो. विरोधक ‘भ्रष्ट’ म्हणतात, समर्थक ‘सूड’ म्हणतात आणि दोघांनाही खोडून काढेल असा निकाल कुणाकडेच नसतो.

हजारेंवरही निवडकपणाचा आरोप होत आला आहे. १९९० च्या दशकात युतीच्या मंत्र्यांविरुद्ध, २००३ मध्ये आघाडीच्या मंत्र्यांविरुद्ध, २०११ मध्ये केंद्रातल्या काँग्रेस सरकारविरुद्ध त्यांनी आंदोलने केली. २०१४ नंतर त्यांचा आवाज क्षीण झाला, असे टीकाकार म्हणतात. मार्च २०१८ मध्ये दिल्लीत आणि २०१९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत राळेगणमध्ये त्यांनी लोकपाल-लोकायुक्तांसाठी उपोषणे केली, हे खरे. ती आधीच्या आंदोलनांइतकी पेटली नाहीत आणि विशिष्ट मंत्र्यांविरुद्धही नव्हती, हेही खरे. मात्र एखाद्या कार्यकर्त्याचा जोर कमी-जास्त झाला म्हणून त्याने पूर्वी पुढे आणलेल्या कागदांची किंमत बदलत नाही. एका माणसाच्या उपोषणाने आयोग नेमला जावा, ही पद्धतच मुळात अपुरी आहे. त्या माणसाची निवड हीच मग यंत्रणेची निवड होऊन बसते.

यासाठीच राळेगणची मागणी शेवटी कायद्याकडे वळली. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने लोकायुक्त आहेत, पण त्यांचे अधिकार शिफारशीपुरते. नवे लोकायुक्त विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये विधानसभेने आणि डिसेंबर २०२३ मध्ये विधानपरिषदेने मंजूर केले. मुख्यमंत्री आणि मंत्रिमंडळ त्याच्या कक्षेत आणले गेले. मात्र मुख्यमंत्र्यांविरुद्ध चौकशी सुरू करण्यापूर्वी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागेल, अशी अट त्यात घातली गेली. ज्या सभागृहात मुख्यमंत्र्याचे स्वतःचे बहुमत असते, त्याच सभागृहाने दोन-तृतीयांश मतांनी त्याच्या चौकशीला होकार द्यायचा आहे.